माझ्या पाठीवरचे दोन ठोकळे

मित्रांनो, मला बघायचंच असेल तर आधी माझा लाकडी दस्ता बघा. त्यावरचे ओरखडे सैनिकांनी दिलेत, आणि गुळगुळीतपणा अस्लाककाकांच्या गालाने. मी एक जुनी लष्करी रायफल. कोंग्सबर्गच्या कारखान्यात जन्मले, लढाईत बर्फात पडून राहिले, आणि सैन्याला नकोशी झाल्यावर नॉर्वेच्या एका अरुंद खोऱ्यात काकांच्या घरी आले.

सैन्यात मी कुणाचीच नव्हते, इथे मात्र घरची झाले. दर शरदात गावची टोळी मूसच्या शिकारीला निघे. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर हो! दलदलीच्या काठची जागा काकांची, आणि काकांच्या हातात मी. मांस घरोघरी वाटलं जाई. संध्याकाळी काका मला टेबलावर घेऊन तेलाचा हात फिरवत. नुसते लाड! बोर्गहिल्डकाकू गेल्यावर तर त्या घरात बोलायला मीच उरले, आणि मी पडले मुकी.

पण माणसाचे डोळे काही पोलादाचे नसतात. माझ्या नळीच्या टोकावरची, नेम धरायची बारीक खूण काकांना दिसेनाशी झाली. शिकारीआधी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा असते. मूसच्या चित्रावर पाच गोळ्या झाडायच्या, आणि पाचही छातीवरच्या वर्तुळात बसायला हव्यात. नाहीतर जंगलात पाऊल टाकायचं नाही. त्या वर्षी काका नापास झाले.

टोळीचा म्होरक्या हाल्डोर म्हणाला, "शनिवारी शेवटची परीक्षा आहे, काका. नाही जमलं तर काठाची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

त्या दिवशी काका जेवले नाहीत. शिकार गेली की दार ठोठावणारी माणसंही जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं, आणि मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी मला गुन्वोरकडे नेलं. काकांच्या जुन्या शिकारी मित्राची ही लेक बंदुका दुरुस्त करायची.

"दुर्बीण बसवू," ती म्हणाली. "हिच्या पाठीवर दोन ठोकळे, त्यांवर दुर्बीण. मग ती खूण बघायलाच नको."

"म्हणजे हिला भोकं पाडणार? अगं, लढाईतसुद्धा हिला भोक पडलं नाही!"

"काका, हिला भिंतीवर टांगायचंय की जंगलात न्यायचंय? ठरवा. तोवर मी कॉफी टाकते."

काकांनी कॉफी संपवली. मग उठत म्हणाले, "पाड बाई. पण मी बाहेर थांबतो. मला नाही बघवणार."

मित्रांनो, खरं सांगते, मीही घाबरले होते. माझी कातडी कडक, तिच्यावर भलीभली गिरमिटं मोडतात. आणि हात जरा जास्त दाबला गेला की भोक थेट नळीत! मग मी कायमची निकामी. पण काय हात होता त्या बाईचा! चामड्यात गुंडाळून तिने मला शिकंज्यात धरलं. ठोकळ्यांच्या पोटाला दिव्याची काजळी लावून ते माझ्या पाठीवर टेकवले. जिथे काजळी उमटली तिथे ठोकळा उंच, म्हणून तेवढाच घासला. पुन्हा काजळी, पुन्हा घासणं. दोन्ही ठोकळे माझ्या अंगाला चपखल बसल्यावरच तिने गिरमिट हातात घेतलं. श्वास रोखून भोकं पाडली, हाताने त्यांत आटे पाडले, स्पिरिटने सगळं धुऊन कोरडं केलं आणि स्क्रू आवळले. मग नळीचं मागचं तोंड बंद करणारा माझा खटका काढून नळीतून आरपार चर्चच्या शिखरावरचा, वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा पाहिला आणि दुर्बिणीतली फुलीही त्याच कोंबड्यावर आणून ठेवली. इतक्या कारागिरांनी मला हाताळलं, पण अशी माया आणि अशी शिस्त एकाच हातात कधी पाहिली नव्हती.

शुक्रवारी मैदानावर माझ्या गोळ्या एकमेकींना खेटून बसल्या. काका पोरासारखे हसले.

आणि संध्याकाळी घात झाला. मला पुसताना काकांना ते कोरडे स्क्रू दिसले. त्या ओल्या खोऱ्यात कोयत्यापासून कुलपापर्यंत प्रत्येक लोखंडाला तेल पाजतात. कोरडं लोखंड दिसलं की हात शिवशिवतातच. "अरेरे, पोरगी विसरली वाटतं," म्हणत काकांनी ठोकळे सोडवले, भोकांत तेल सोडलं आणि पुन्हा आवळून टाकले. मी मनात किती ओरडले! पण ऐकणार कोण?

शनिवारी सरावाच्या गोळ्या चहूकडे भरकटल्या.

हाल्डोर म्हणाला, "काका, खुर्ची आणू का? बसून बघा आता, आम्ही मारतो."

लोक हसले. काकांनी मला खाली ठेवलं. "संपलं रे माझं," ते म्हणाले.

गुन्वोर परीक्षेलाच आली होती. ती पुढे आली, खाली वाकली आणि ठोकळा नखाने हलवून पाहिला. तो हलला, आणि खालून तेल पाझरलं.

"हे कुणी केलं?"

"मी. गंजू नये म्हणून…"

"अहो काका! तेल प्यायलेला स्क्रू धक्क्याने सुटतो. कोरडा होता म्हणून तर धरून होता! हाल्डोर, तुझ्या गाडीतली बाटली आण."

"कसली बाटली? माझ्याकडे? छे!"

"तुझी कॉफी कशाने कडक होते ते अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे. आण मुकाट्याने."

घरी गाळलेली ती चोरटी दारू हाल्डोरने तोंड वाकडं करत आणली. गुन्वोरने त्या दारूने स्क्रूंवरचं तेल धुतलं, भोकं पुसली, ठोकळे कोरडे आवळले, आणि सरावाच्या आणखी गोळ्या झाडून दुर्बीण पुन्हा जुळवून दिली.

काका नेम धरायला आडवे झाले. त्यांचा गाल माझ्या दस्त्याला टेकला. "दिसतंय," ते हळूच म्हणाले. पाचही गोळ्या वर्तुळात बसल्या.

आता कुणी हसलं नाही. हाल्डोरने टोपी काढली. "काठाची जागा तुमचीच, काका. आणि पहाटे मी न्यायला येईन." काका डोळे पुसत वाऱ्याला शिव्या देत राहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, पण त्यांना काय हवंय ते जाणत्याला विचारून जपा. आणि कुणा म्हाताऱ्यापुढे खुर्ची सरकवण्याआधी जरा खाली वाका, त्याचं नेमकं कुठे अडलंय ते बघा.