लिंबाची कुंडी

महिपतने बोटाच्या पेराने कुंडीवर टकटक केली आणि तोंड कडू केलं. बद्द आवाज. काठापासून तळापर्यंत भेग गेली होती. परसात त्याने स्वतः घडवलेली ही दुसरी सिमेंटची कुंडी वाया गेली.

"पाणी मारलंस नाय ना?" त्याने बायकोला विचारलं.

जनी डोक्यावरचा हंडा उतरवत होती. "विहिरीत उतरून वाटीवाटीनं भरते मी. सिमेटला पाजू का म्हशीला, तुमीच सांगा."

महिपतचं डोकं आणखी फिरलं. मुरबाडच्या एका बंगल्यावर त्याने अशा बारा कुंड्या केल्या होत्या, माणूस आत बसेल एवढ्या. तिथे दिवसभर पाइप चालायचा. तीस वर्षं गवंडीकाम करून लोकांची दारं सजवली, गुडघा गेला तसं काम सुटलं, आणि डोळखांबकडच्या या पाड्यावर स्वतःच्या दारात त्याच्या हातचं म्हणावं असं काही नव्हतं. परस म्हणजे नुसता कातळ, कुदळ लागत नाही. एक कुंडी, तिच्यात लिंबाचं झाड, एवढंच मागणं. पण घोडं अडायचं ते पाण्यावर.

तिसऱ्या वेळी त्याने जनीला विचारलंच नाही. जुनी बांबूची कणगी साच्याला घेतली, आतून जाळी बांधली, माल थापला. मग गुडघा धरत रोज स्वतः विहिरीवर गेला. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. कुंडीवर ओली पोती पांघरून तो शेजारी बसून राही, आजारी माणसाजवळ बसावं तसा. असे एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी कुंडी खणखणली.

लगेच तो शहापूरला गेला आणि लिंबाचं रोप घेऊन दुपारच्या एसटीने परतला.

परसात बाया हंडे घेऊन कुंडीकडे बघत उभ्या होत्या. आठ दिवसांनी टँकर आला होता. घरातली भांडी भरून संपल्यावर जनीने कुंडीच्या भोकात चिंधी गुंडाळलेली खुंटी ठोकली होती आणि विटांवर ठेवलेली ती कुंडी काठोकाठ भरून घेतली होती.

महिपत रोप हातात घेऊनच ओरडला, "जने, झाडाची कुंडी हाय ती."

"असू द्या." जनीचा चेहरा कधी नव्हे तो निवांत होता. "माज्या जल्मात घरात एवढं पाणी पयल्यांदा बघतेय. थेंब गळला नाय."

त्याने रोप खाली ठेवलं, वाकून तळाखालून हात फिरवला. कोरडा ठाक. इतकं चांगलं काम केल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आला.