कृपाबाईंचा बंदोबस्त

स्टुलावर उभ्या राहून कृपाबाई अंगणातल्या लोखंडी पाइपाला ग्रीस फासत होत्या. जुना टूथब्रश घेऊन, वरून खाली, इंचभरही जागा कोरी राहू नये अशा बेतानं. ग्रीसचा डबा नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतला होता. विल्यम मिस्त्रींना पॅरालिसिसचा झटका येऊन चौदा महिने झाले होते आणि तेव्हापासून त्या पेटीला कुणी हात लावला नव्हता.

“आता चढ म्हणावं त्या खारीला,” त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या.

खिडकीच्या आत मिस्त्री तीन उशांना टेकून पलंगावर बसले होते. उजवं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. चेहऱ्याची डावी बाजू तेवढी हलायची. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग पाइपाकडे पाहिलं, आणि घशातून ‘हं हं’ असा आवाज काढला.

“व्हय, माहितेय मला,” कृपाबाई म्हणाल्या. “करते बंदोबस्त.”

पाइपाच्या टोकाला पाखरांना दाणे घालायचं हिरवं प्लास्टिकचं भांडं टांगलं होतं. हडपसरला नोकरी करणारी त्यांची मुलगी इवा ते घेऊन आली होती. बाबांनी दिवसभर भिंतीकडे काय बघायचं, असं तिचं म्हणणं. पहिल्याच आठवड्यात चिमण्या आल्या, मग मुनिया, मग होल्यांची एक जोडी. आणि दहाव्या दिवशी खारी आल्या. पाइपावरून सरसर चढायच्या, मागच्या पायांनी वरच्या कडीला धरून उलट्या लोंबकळायच्या आणि घटकाभरात बाजरी फस्त करायच्या. चिमण्या शेवग्यावर बसून नुसत्या चिवचिवायच्या.

खार अशी उलटी लोंबकळली की मिस्त्रींचा डावा गाल वर ओढला जायचा, डोळ्यातून पाणी यायचं आणि ‘हं हं’ सुरू व्हायचं. कृपाबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना भडभडून आलं होतं. बिचाऱ्या चिमण्यांचा घास जातो म्हणून यांचा जीव तुटतोय, आणि सांगताही येत नाही. त्या ताटली बडवत अंगणात धावल्या. खार पळाली. मिस्त्री गप्प झाले. त्यांना बरं वाटलं असणार, असं कृपाबाईंनी धरलं.

तसं धरायचा त्यांना अधिकार होता. एकतीस वर्षं त्यांनी नर्स म्हणून काढली होती. पेशंटचं तोंड बघून कुठं दुखतंय ते सिस्टर सांगतात, असं डॉक्टरही म्हणायचे. नातेवाईक काही विचारायला लागले की त्या म्हणायच्या, त्यांना काय हवंय ते मला कळतं, तुम्ही बाहेर बसा. घरी मिस्त्रींचं करतानाही त्यांनी कधी काही विचारलं नाही. विचारून उत्तर येणार नव्हतं, हे एक; आणि विचारायची गरजही त्यांना वाटली नाही, हे दुसरं.

ग्रीस लावलं त्या दिवशी खार चारदा घसरून खाली आली. दुसऱ्या दिवशी तिनं शेवग्याच्या फांदीवरून उडी घेतली. कृपाबाईंनी फांदी तोडून घेतली. मग ती न्हाणीघराच्या पत्र्यावरून यायला लागली. कृपाबाईंनी पाइपाच्या मध्यावर भोक पाडलेली ॲल्युमिनियमची परात उपडी बसवली. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी खार परातीच्या काठावरून बरोबर वर पोचली, आणि आत पलंगावर मिस्त्रींचा आवाज इतका चढला की हातातली पोळी तव्यावर टाकून कृपाबाई धावत गेल्या. त्यांच्या डोळ्यातलं पाणी पुसून म्हणाल्या, “असू द्या, असू द्या. आता शेवटचंच करते काहीतरी.”

त्याच संध्याकाळी त्या केडगाव स्टेशनाजवळच्या सोपानरावांच्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या.

“खारीला काय औषध न्हाई ठेवत आपण,” सोपानराव म्हणाले. “पण सिस्टर, उंदराचा चिकट पुठ्ठा हाय बघा. त्यावर पाय पडला की हलायचं काम न्हाई.”

“मरत नाही ना?”

“लगीच न्हाई मरत. तुम्ही काढायची आन् लांब सोडून द्यायची.”

त्यांनी दोन पुठ्ठे घेतले.

बुधवारी दुपारी चर्चमध्ये बायकांची प्रार्थना असायची. शेजारच्या साखरबाई एरवीही येऊन-जाऊन असायच्या, पण ते दोन तास त्या मिस्त्रींपाशीच बसायच्या. पण त्या बुधवारी साखरबाई शिरूरला लेकीकडं गेल्या होत्या. जावं की न जावं, असं करत कृपाबाईंनी मिस्त्रींना पाणी पाजलं, उशा सारख्या केल्या, खिडकी सताड उघडली. मग पुठ्ठा पाइपाला सुतळीनं आवळून बांधला. “तासाभरात येते,” म्हणाल्या आणि कुलूप लावून निघाल्या.

प्रार्थना लांबली. पाळकांच्या घरी चहा झाला. परत यायला त्यांना पावणेदोन तास लागले.

फाटकाशीच त्यांना आवाज आला. बारीक, चिरका, थांबून थांबून येणारा. खार पुठ्ठ्याला पोटावर चिकटली होती. एक पुढचा पाय आणि गाल अडकला होता, शेपटी लोंबत होती. कृपाबाई तिच्याकडे जाणार तेवढ्यात त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. पलंग रिकामा होता.

कुलूप उघडायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मिस्त्री खिडकीखाली फरशीवर पडले होते. हनुवटी फुटून शर्टावर रक्त आलं होतं, कपडे ओले झाले होते. डाव्या हातानं त्यांनी बुटक्या खिडकीचा गज घट्ट पकडला होता. पलंगापासून खिडकीपर्यंत चार फुटांचं अंतर होतं. अर्धं शरीर ओढत त्यांनी ते कापलं होतं आणि तिथून ते तासभर बाहेर बघत पडले असावेत.

“अहो,” म्हणत कृपाबाईंनी त्यांच्या काखेत हात घातला. माणूस कसा उचलायचा ते त्यांच्या हातांना पाठ होतं. पण मिस्त्रींनी गज सोडला आणि त्याच हातानं त्यांचा हात बाजूला ढकलला. मग बोट बाहेर दाखवलं. आधी ती.

कृपाबाईंनी शेंगदाण्याच्या तेलाची वाटी घेतली आणि बाहेर गेल्या. थेंब थेंब तेल सोडत, बोटानं केस सुटे करत त्यांनी खार सोडवली. खारीनं त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. त्यांनी हात मागं घेतला नाही. पोटाचे केस पुठ्ठ्यावरच राहिले, खालची गुलाबी कातडी उघडी पडली. खोक्यात मऊ फडकं घालून त्यांनी तिला ठेवलं, बाटलीच्या झाकणात पाणी ठेवलं. मग आत येऊन मिस्त्रींना उचललं, धुतलं, हनुवटीला पट्टी केली. या वेळी त्यांनी ढकललं नाही. पण बायकोकडे बघितलंही नाही.

दिवस मावळायच्या आत खार गार पडली. कृपाबाईंनी तिला शेवग्याखाली पुरलं. खिडकीकडे पाठ करून पुरलं, तरी मिस्त्री बघताहेत हे त्यांना पाठीला कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून खारी आल्याच नाहीत. चिमण्या आल्या, मुनियांचा थवा आला, होले आले. कृपाबाईंना जे हवं होतं ते सगळं पाइपाच्या टोकाला भरून आलं होतं. मिस्त्री मात्र तोंड फिरवून भिंतीकडे बघत पडून राहिले.

शनिवारी साखरबाई आल्या. मिस्त्रींची पट्टी बघून हळहळल्या, मग खिडकीतून डोकावून म्हणाल्या, “आज खारुटी कुठं दिसंना?”

कृपाबाईंनी सांगितलं. पुठ्ठा, प्रार्थना, सगळं.

“असं कशाला केलं वो सिस्टर,” साखरबाई हळूच म्हणाल्या. “मिस्त्री किती हसायचे तिला बघून.”

“हसायचे?”

“मंग? ती ग्रीसवरनं घसारली की हसायचे, परातीवरनं वर गेली की तर डोळ्यातनं पानी येस्तोवर हसायचे. मी बी हसायची त्यांच्यासंगं. तुम्ही रोज नवं कायतरी करायच्या आन् ती रोज त्यातनं वाट काढायची. मला खुणा करून सांगायचे, बघ, आता इकडनं जाणार, आता तिकडनं. आन् तसंच जायची ती.”

“मला वाटलं, त्यांना त्रास होतोय.”

“तोंड अर्धंच चालतंय त्यांचं,” साखरबाई म्हणाल्या. “मानसानं हसायचं तरी कसं?”

कृपाबाई खाली बसल्या. मिस्त्री कामावर असताना कसे असायचे ते त्यांना आठवलं. दौंडपासून पारगावपर्यंत कुणाच्या विहिरीवरची मोटार बंद पडली की लोक त्यांना न्यायला यायचे, आणि मिस्त्री तिला हात लावायच्या आधी अर्धा अर्धा तास शेजारी नुसते बघत बसायचे. कुठं अडलंय आणि कुठनं सुटेल, ते शोधत. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या डबा घेऊन एका मळ्यात गेल्या होत्या आणि त्यांना असंच बसलेलं पाहिलं होतं. मोटार सुटली तेव्हा ते एकटेच हसले होते. ते हसणं त्यांना माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं. त्याचा अर्धा भाग समोर आला आणि त्यांना ओळखता आलं नाही.

साखरबाई गेल्यावर त्या रॉकेलचं फडकं घेऊन स्टुलावर चढल्या आणि भर उन्हात पाइपाचं ग्रीस पुसायला लागल्या. परात काढून खाली ठेवली. रस्त्यावरून सोपानरावांची स्कूटर चालली होती, ती थांबली.

“काय सिस्टर, झालं का काम? घावली का?”

खोटं सांगता आलं असतं. पलीकडे खिडकी उघडी होती.

“घावली,” कृपाबाई म्हणाल्या. “मेली. माझी चूक झाली, सोपानराव. मोठी चूक झाली.”

सोपानराव मान हलवून निघून गेले.

हात धुऊन कृपाबाई आत आल्या. मिस्त्रींचं अंग पुसायची वेळ झाली होती. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, टॉवेल भिजवून पिळला आणि सवयीनं हात पुढं केला. मग थांबल्या.

“पुसू का?” त्यांनी विचारलं.

मिस्त्री भिंतीकडे बघत होते. कृपाबाई टॉवेल हातात धरून पलंगापाशी उभ्या राहिल्या. बाहेर चिमण्या येऊन गेल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी पाण्यात बोट बुडवून पाहिलं. पाणी निवलं होतं. त्यांनी घमेलं उचललं, स्वयंपाकघरात जाऊन पाणी पुन्हा तापवलं, आणि परत येऊन तिथंच उभ्या राहिल्या.