पिवळ्या गाडीतली लीरा

मनूसोस गाडी घेऊन आला तेव्हा मी त्याला दारातूनच हाकलत होते. माझ्या हातात चामडं शिवायची दाभण होती, ती तशीच त्याच्या छातीवर रोखली आणि म्हटलं, "आल्या पावली परत फिर. तुमच्या वैरात जळायला आमचं वर्कशॉप ठेवलेलं नाही."

"अनेझाताई, ऐकून तरी घे."

"तीन वर्षं तेच ऐकतेय! अख्खं क्रीट बेट ऐकतंय!"

खोटं नव्हतं ते. तीन वर्षांपूर्वी या मनूसोसच्या बहिणीचं लग्न होतं. वरच्या गावचा सिफिस लीरा वाजवत होता, मांडीवर उभी धरून, तारांवर गज फिरवत, डोळे मिटून. मनूसोसचा जिवाभावाचा मित्र. आमच्याकडे लग्नात पिस्तुलं आभाळात रिकामी केल्याशिवाय पोरांना लग्न झाल्यासारखं वाटत नाही. मनूसोसनेही हात वर केला, नाचणाऱ्या कुणाचा तरी कोपराला धक्का बसला आणि गोळी आभाळात गेलीच नाही. सिफिसच्या गळ्यातून आरपार गेली. पांढऱ्या शर्टावर ते रक्त मी या डोळ्यांनी पाहिलं. अजून कुणी पांढरा शर्ट घातला की मी मान फिरवते.

मनूसोस तुरुंगात गेला. सिफिसचा बाप पोलिख्रोनिस कोर्टाच्या पायरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "ही सरकारची शिक्षा. माझी बाकी आहे. तो सुटला की त्याला मी मारीन, आणि बंदुकीने नाही, या हातांनी." तेव्हापासून त्याने दाढी केली नाही, देवळात पाऊल टाकलं नाही, घरातला रेडिओ गोठ्यात नेऊन फोडला. आणि आता मनूसोस सुटून आला होता, आपल्या जुन्याच पिवळ्या गाडीतून. बुटकी, रुंद, जमिनीला पोट घासत चालणारी इटालियन स्पोर्ट्स कार. अशी गाडी आमच्या पंचक्रोशीत एकच. लपायचं म्हटलं तरी लपणार कशी?

"मला हिच्यात साऊंड बसवायचाय," मनूसोस म्हणाला. "चांगल्यातला चांगला. वार्दिसने त्या दिवशी सिफिसचं वाजवणं रेकॉर्ड केलंय ना? मला तो समोर बसून वाजवतोय असं ऐकायचंय. या गाडीत बसून ऐकू, असं त्याचं-माझं ठरलं होतं."

माझा भाऊ वार्दिस मागून हात पुसत आला. लग्नात सिफिससमोर दोन माइक लावून बसला होता तो हाच. गाडी बघून त्याच्या डोळ्यांत जी चमक आली, तिथेच मी कपाळावर हात मारला.

"ताई, हिची दारं बघ. काय बेस घुमेल यांच्यात!"

"तुझं डोकं घुमेल, मेल्या! पोलिख्रोनिसला कळलं तर?"

"त्याला कोण सांगतंय? तू?"

झालं. आमच्या वार्दिसला एकदा किडा चावला की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही. त्याने दारं सोलून काढली, आत पत्र्याला डांबरी थर चिकटवले, मोठे स्पीकर दारांत, छोटे काचेच्या कडेच्या खांबांत, बेसची पेटी सीटमागे. मी वरून काळं चामडं शिवलं, इतकं घट्ट की एक वायर दिसेल तर शपथ. मग हा पठ्ठ्या ड्रायव्हरच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसला. जवळच्या स्पीकरचा आवाज केसभर थांबवायचा, लांबचा पुढे काढायचा, म्हणजे दोन्ही कानांत एकदम पोचतात आणि वाजवणारा डॅशबोर्डवर बरोबर मध्ये बसलाय असं वाटतं. पण ते फक्त त्या एका सीटवर. शेजारी बसलात तर नुसता गोंगाट.

पहिल्यांदा आवाज मोठा केला त्या दुपारी मागच्या घरातली एवान्थिया हातात राकीच्या पेल्यांचा ट्रे आणि ऑलिव्हची वाटी घेऊन लगबगीने आत आली.

"अगं, कोण आलंय वाजवायला? सांगायचं तरी! कुठे बसवलाय त्याला?"

तिने खरंच गाडीमागे वाकून बघितलं. वार्दिस हसून हसून लोळायचा राहिला. मनूसोस मात्र भिंतीकडे तोंड करून उभा होता. पुढे काय येतं ते त्याला माहीत होतं. त्याने हात घालून बटण बंद केलं.

सगळं झालं आणि दाराला खरखर लागली. उभ्या गाडीत येत नव्हती, चालत्या गाडीत, खराब रस्त्यावर, आवाज मोठा असला की यायची. त्या रविवारी मनूसोस गाडी न्यायला आला, मी कॉफी ठेवली, तेवढ्यात बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"वार्दिस, कुठे निघालास?"

"खरखर शोधतो, आलोच!"

मनूसोसने कप खाली ठेवला. "कुठल्या रस्त्याने गेला तो?"

मी खिडकीतून बघितलं. पिवळी गाडी वरच्या गावाचं वळण चढत होती. दगडी फरशीचा रस्ता तेवढा तिथेच. त्या दिवशी सिफिसचं तिसऱ्या वर्षाचं स्मरण होतं, अख्खं गाव देवळात. शहाण्याने हिशेब केला असणार, की घरं रिकामी, कोण ऐकतंय! पोलिख्रोनिस देवळात जात नाही, हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. माझ्या भावाला आठवलं नाही.

आमच्याकडे सुतकाच्या घरावरून जाताना लोक गाडीचा रेडिओही बंद करतात. आणि हा त्या बापाच्या दारावरून, ज्याने पोरगा मारला त्याच्या गाडीतून, त्याच पोराची लीरा वाजवत चालला होता.

पहिली गोळी ऐकू आली. मग दोन. मग मोजायचं भानच राहिलं नाही.

गाडी उतारावरून सुसाट आली आणि वर्कशॉपमध्ये शिरून टायरच्या ढिगावर आदळली. मागची काच नव्हती. वार्दिस बाहेर पडला तो गुडघ्यांवर. उजव्या कानाची अर्धी पाळी लोंबत होती, मान, शर्ट, हात, सगळं लाल. मी फडकं दाबलं तर बोटांमधून ऊन ऊन रक्त आलं.

"मनूसोस, मागच्या दाराने पळ!" मी ओरडले.

"पळालो तर तुम्हाला मारतील." तो जागचा हलला नाही.

पिकअप दारात येऊन थांबली. पोलिख्रोनिस उतरला, पोटापर्यंत दाढी, काळा शर्ट. मागून त्याचा धाकटा भाऊ स्त्रातिस, थेट देवळातून धावत आलेला. स्मरणाला देवळात वाटतात त्या शिजवलेल्या गव्हाचा कागदी पुडा अजून खिशात होता. पोलिख्रोनिसने आपली बंदूक त्याच्या हातात दिली.

"दादा, असू दे जवळ."

"नको. मघाच्या गोळ्या गाडीवर होत्या. मी बोललोय ते बोललोय. हातांनी. तू बाहेर उभा राहा, कुणाला येऊ देऊ नकोस. आत गोळी वाजली तर समज, ती माझी नाही."

त्याने शटर खाली ओढलं. आत अंधार झाला, वरच्या झरोक्यातून काय येईल तो उजेड.

मग त्याने मनूसोसला धरलं. मी मेंढ्या सोलताना पाहिल्यात, डुकरं मारताना पाहिलीत, पण असं मारणं नाही पाहिलं. पहिल्या ठोशाने नाक मोडलं, त्याचा आवाज आला. केस धरून त्याने मनूसोसचं तोंड गाडीच्या दारावर आपटलं, एकदा, दोनदा, पुन्हा. पिवळ्या पत्र्यावरून रक्ताचे ओघळ आले. मनूसोस दोन्ही हात खाली सोडून मार खात होता. मी पोलिख्रोनिसच्या पाठीवर उडी घेतली, त्याने मला झटकलं तशी मी कपाटावर पडले, पाना डोक्यात पडला.

"हात उचल!" पोलिख्रोनिस ओरडत होता. "उचल रे भडव्या, माझ्यावर हात उचल!"

"नाही उचलणार, काका."

"काका म्हणू नकोस!" त्याने गुडघा पोटात घातला. मनूसोस खाली कोसळला आणि दात थुंकला. पोलिख्रोनिसने कोपऱ्यातला मोठा हातोडा उचलला. "आधी हे. माझ्या पोराची लीरा हिच्यात कोंडलीस? हिचंच टाळकं फोडतो!"

तेव्हा माझा भाऊ, कान हातात धरून भिंतीशी बसलेला, म्हणाला, "फोडा. पण एकदा ऐका. उभ्याने नाही, त्या सीटवर बसून. दुसरीकडून तो नीट दिसत नाही."

मेल्याचं रक्त गळत होतं आणि याला सीटची पडलेली! मला वाटलं, आता हातोडा याच्या डोक्यात बसणार. पण पोलिख्रोनिस थांबला. 'दिसत नाही' या शब्दापाशी थांबला असावा.

तो वाकून गाडीत शिरला. वार्दिसने आत हात घालून बटण दाबलं.

लीरा सुरू झाली. पोलिख्रोनिस समोर बघत होता, डॅशबोर्डच्या मध्यावर, जिथे कुणीच नव्हतं. गजाचा केस तारेवर घासलेला कळत होता, सिफिसने पाय आपटलेला कळत होता. हातोडा म्हाताऱ्याच्या मांडीवरून खाली घसरला. वाजवणं थांबलं आणि सिफिस हसला. त्याची ती सवय होती.

"आता माझ्या बापासाठी," सिफिस म्हणाला. "तो तिकडे मागे बसलाय, मटणावर ताव मारतोय. बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," पोलिख्रोनिस म्हणाला. "ऐकतोय रे बाळा."

तो रडायला लागला. काळी दाढी भिजली. माझ्याच्याने राहवलं नाही, मीही रडले, डोक्यातून रक्त येत होतं तरी. बाहेर स्त्रातिसच्या बुटांचा आवाज येत होता. मनूसोस कोपरांवर सरपटत गाडीपाशी आला आणि रक्ताळल्या हाताने बटणाकडे जाऊ लागला. पोलिख्रोनिसने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"काका, पुढे नका ऐकू."

"पुढे काय आहे?"

"मी," मनूसोस म्हणाला.

पोलिख्रोनिसने त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा त्याने ठरवलं असतं तर ती मान एका हाताने मोडली असती. त्याने मनगट सोडलं नाही, पण पिळलंही नाही. "रोज ऐकतोस?"

"तुरुंगात नुसतं आठवायचो. आता रोज इथे येऊन ऐकतो."

"मग बस इथे," पोलिख्रोनिस म्हणाला. "दोघं ऐकू."

मनूसोसने डोकं दाराच्या चौकटीला टेकवलं. देवाची शपथ, मला वाटलं, सुटलो. आता मी राकी काढीन, जखमा धुवीन, भावाचा कान शिवीन. लीरा चढत गेली, टाळ्या, शिट्ट्या, आणि मग गोळी.

खरी गोळीसुद्धा इतकी खरी वाजत नाही. पत्रे थरथरले. मी स्वतः खाली वाकले.

शटर धाडकन वर गेलं. बाहेरच्या रखरखीत उन्हातून स्त्रातिस आत आला, तोंडाने "दादा! दादा!" करत. त्याला अंधारात काय दिसलं? जमिनीवर रक्ताने माखलेला एक माणूस आणि पिवळ्या गाडीच्या सीटवर गाडीचा मालक.

"थांब!" मी किंचाळले.

त्याने गोळ्या झाडल्या. काच फुटली, बटण उडालं, सीटवरचा माणूस माझ्या शिवलेल्या चामड्यावर आपटला आणि एका कुशीवर कलंडला. माझ्या चेहऱ्यावर ओलं काहीतरी उडालं.

स्त्रातिस खालच्या माणसाशेजारी गुडघे टेकून बसला. "संपवला त्याला, दादा. कुठे लागलं तुला? बघू." त्याने ते तोंड उजेडाकडे वळवलं. मनूसोस होता तो.

नेमका तेव्हाच गाडीतून पोलिख्रोनिसचा आवाज आला. लग्नातला. वार्दिसचे माइक त्या दिवशी शेवटपर्यंत चालू होते.

"सिफिस! बाळा! डोळे उघड, सिफिस!"

"दादा?" स्त्रातिस गाडीकडे बघून म्हणाला. तो उठला, सीटपाशी गेला, आणि त्याच्या खिशातला पुडा फाटून शिजवलेले गहू आणि डाळिंबाचे दाणे त्याच्या भावाच्या मांडीवर सांडले. "दादा, तू इथे का बसलास? इथे का बसलास रे?"

"डोळे उघड! कुणी डॉक्टरला बोलवा रे! सिफिस!"

"बंद कर ते!" मी वार्दिसवर ओरडले. "बंद कर, मेल्या!"

"बटणच नाहीये, ताई! वायर ओढ!"

वायर सगळ्या मीच चामड्याखाली घातल्या होत्या. मी जमिनीवर चाचपडत दाभण शोधली, पोलिख्रोनिसचा पाय बाजूला सारला, आणि तो माझ्या डोक्यावरच्या स्पीकरमधून मुलाला हाका मारत असताना माझेच टाके उसवायला बसले.