पंधरा पटींचं हरीण

होणारा व्याही हरणाच्या शिकारीला बोलावतो, असा प्रसंग चारुदत्तच्या सात पिढ्यांत कुणावर आला नव्हता. मूळचा पुण्याचा, आता परदेशात, बॉटनी डाउन्स या उपनगरात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, आणि जन्मात मासाही न खाल्लेला. पण लेकीच्या, इशिताच्या सासरचं बोलावणं. नाही कसं म्हणणार? त्यातून होणाऱ्या जावयाचा, बेनचा बाप ग्रॅहम म्हणजे तोंडाला कुलूप लावलेला माणूस. इतक्या भेटी झाल्या, पण नमस्काराचं 'किआ ओरा' आणि 'झकास' या अर्थाचं 'स्वीट अ‍ॅज' यांपलीकडे गाडी गेली नव्हती. आपण त्याला आवडत नाही आणि उद्या लेकीच्या घरी आपण परकेच ठरणार, ही बोच चारुदत्तच्या मनातून जात नव्हती.

"बंदूक त्यांची, डोळे माझे," असं बायकोला सांगून तो दुर्बीण आणायला गेला. दुकानातल्या मुलीने नीट समजावलं. उघड्या माळावर, हातात धरून बघायला आठ किंवा दहा पटींची पुरे; त्यापुढे स्टँड लागतो, नाहीतर हात हलला की अख्खा डोंगर हलतो. चारुदत्तने मान डोलावली आणि पंधराची उचलली. व्याह्यापुढे कमीपणा नको! स्टँड काही घेतला नाही. धडधाकट माणसाला टेकू कशाला?

"पंधराची? हरीण मांडीवर येऊन बसेल की," सुलेखा म्हणाली. पण घरात आलेल्या नव्या वस्तूला कुंकू लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कुंकवाचं ओलं बोट तिने दुर्बिणीच्या फोकसच्या फिरकीवर टेकवलं आणि हात जोडले.

साउथ आयलंडच्या त्या माळावर झाड म्हणून नव्हतं. नुसतं पिवळं गवत आणि मैलोन् मैल डोंगर. चढ चढून चारुदत्तच्या छातीचा भाता झाला होता. दुर्बीण लावली तर समोरचा डोंगर दारू प्यायल्यासारखा झुलायला लागला. त्याने फिरकी पिरगाळली, घामेजल्या काचा अंगठ्याने पुसल्या, पुन्हा फिरकी पिरगाळली, पुन्हा काचा पुसल्या. आणि मग दिसलं.

"ग्रॅहम! तांबडं हरीण! त्या खडकाजवळ!"

ग्रॅहम पोटावर सरपटत निघाला. मागून चारुदत्त, काटे वेचत. खडकाजवळ काहीच नव्हतं.

"पळालं. ते बघा, ओढ्यापलीकडे! मेट, हीप्स आहेत, ढिगाने!"

पुन्हा सरपट. ओढ्यापलीकडेही काही नाही. चारुदत्त जिकडे बघे तिकडे हरीण, आणि जवळ जावं तर गवत. शेवटी ग्रॅहमने मुकाट्याने हात पुढे केला, पंधराची दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला.

"आभाळातही एक आहे," तो म्हणाला.

त्याने दुर्बीण खाली घेतली. त्याच्या डोळ्यांभोवती लाल कडी उमटली होती. चारुदत्तने स्वतःचा डोळा चोळला. बोट लाल झालं. फिरकीवरचं कुंकू त्याने आपल्याच हातांनी काचांना फासलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. लेकीचं लग्न या कुंकवाने मोडतंय की काय, असंही वाटून गेलं.

"बायकोने लावलं," तो पुटपुटला. "नवी वस्तू आली की आम्ही लावतो. ती चांगली टिकावी म्हणून."

ग्रॅहम एकदम खो खो हसत सुटला. खालच्या गवतातून दोन खरीखुरी हरणं उधळली आणि डोंगरापार झाली. त्याने बंदुकीला हातही लावला नाही.

"माझी पॅम," डोळे पुसत, आणखीच लाल करत तो म्हणाला, "नवीन काही आणलं की त्यावर बिअर ओतायची. गाडीवर, गवत कापायच्या मशीनवर. एकदा टीव्हीवर ओतली. तो गेलाच." मग त्याने पंधराची दुर्बीण परत दिली. "ती गेल्यापासून मी नवीन काही घेतलंच नाही."

एका दमात तो इतकं बोललेलं चारुदत्तने कधी ऐकलं नव्हतं. ग्रॅहमने गळ्यातली जुनी, पट्टा शिवलेली आठ पटींची दुर्बीण काढून त्याच्यापुढे धरली.

"बोट लाल आहे ना अजून? हिलाही लाव," तो म्हणाला. "फक्त काचेपासून लांब."