कलबुर्गीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात

सुमतीबाईंच्या घरात कुजबुजायला भाषाच उरली नव्हती. माहेर औरादकडचं, म्हणून तेलुगू. सासर बीदरचं, म्हणून कन्नड. मराठी पाळण्यातली, आणि दखनी भाजीवाल्याशी घासाघीस करता करता जिभेवर चढलेली. लग्नाला वर्ष न झालेल्या सुधींद्रनं आणि विनीतानं यातल्या कुठल्याही भाषेत आवाज खाली घेतला, की स्वयंपाकघरातून फोडणीसोबत उत्तर यायचं.

म्हणून दोघांनी स्पॅनिश शिकायला घेतली.

सुधींद्र कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. रोज एक इंग्रजी म्हण घ्यायची आणि तिची स्पॅनिश करायची, ही युक्ती त्याचीच. विनीताला मात्र त्या भाषेतली दुसरीच गोष्ट आवडली. तिथं बायकोच्या तोंडी 'अहो' नव्हतं. सासूच्या देखत नवऱ्याला खुशाल 'तू' म्हणता येत होतं. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिचेच कान लाल झाले.

अडायचं ते शब्दयोगी अव्ययांपाशी. आपली 'साठी' बिचारी शब्दाच्या मागून चालते. तिकडं ती पुढं चालते, आणि एकटी नाही, दोघी सवती: 'पोर्' आणि 'पारा'. कुणाला कुठं बसवायचं यावरून सुधींद्र घर डोक्यावर घ्यायचा. म्हणीतलं शहाणपण राहायचं बाजूला, तो त्या दोघींची समजूत काढत बसायचा.

अशात विनीताला कलबुर्गीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नेमणूक आली. सोमवारी हजर व्हायचं, राहायला क्वार्टर. सुधींद्रनं आईला विचारायचं ठरलं होतं. विनीता स्वतः विचारू शकली असती, पण लेकानं काढलं तर ते बोलणं असतं, सुनेनं काढलं तर मागणं होतं. सुधींद्र रोज 'आज विचारतो' म्हणायचा आणि रोज जेवून झोपायचा.

गुरुवारी संध्याकाळी सुमतीबाई सुपात तूरडाळ निवडत होत्या. समोर बसून विनीतानं मुद्दामच एक म्हण काढली: उपकाराची फेड उपकारानं. स्पॅनिश लोक ती 'आज तुझ्यासाठी, उद्या माझ्यासाठी' अशी म्हणतात. तिनं ती नवऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हटली. मी तुझ्यासाठी या घरात आले, आता तुझी पाळी, असा त्यातला अर्थ आंधळ्यालाही दिसला असता.

"पारा न्हाई, पोर्," सुधींद्र म्हणाला. मग हेतू कशाला म्हणायचं आणि कुणाखातर कशाला, हे त्यानं डाळीचे दाणे मांडून समजावलं. विनीतानं म्हण सुधारली आणि त्याच भाषेत विचारलं, की कलबुर्गीचं आईंना कधी सांगणार, क्वार्टर दुसऱ्या कुणाला जाईल. त्यानं 'क्वार्टर' या शब्दाच्या आधी कोणतं अव्यय लागतं ते सांगितलं.

शुक्रवारी तिनं दुसरी म्हण फेकली. बोलण्यापासून करण्यापर्यंत लांबची वाट असते. सुधींद्र विचारात पडला. हे 'पासून' नक्की कोणतं, जवळचं की लांबचं, याची खात्री करायला तो मोबाइल शोधू लागला. तेवढ्यात सूप हलवता हलवता सुमतीबाईंनी सूर लावला:

*लेक माझा शहाणा बाई, शब्द चाळी सोजीवाणी,*
*सुनेची गं गाडी जाई, हा आडात बघी पाणी.*

डाळ निवडणारे विनीताचे हात थांबले.

"सुध्या," सुमतीबाई वर न बघता म्हणाल्या, "त्या भाषेत कलबुर्गीला काय म्हणतात रे?"

"कलबुर्गीच."

"आणि क्वार्टरला?"

सुधींद्र पुन्हा मोबाइल शोधू लागला.

"आठवडा झाला, तुमच्या त्या गिचमिडीत कलबुर्गी येतंय, क्वार्टर येतंय. आणि 'आई' आलं की दोघं बी माझ्याकडं बघायलात."

त्यानं तोंड उघडलं, तसं त्यांनी सूपच आडवं धरलं. त्याचे बाबा अगदी असेच, त्या सुनेला सांगू लागल्या. नवी नवरी असताना त्यांना कन्नड धड येत नव्हतं. माहेरी जाऊ का विचारलं, की व्यंकटेशराव वाक्य दुरुस्त करायला बसायचे. वाक्य नीट व्हायचं, तोवर औरादची गाडी निघून जायची. हो म्हणायला नको, न्हाई म्हणायला नको.

"मग तुम्ही काय केलंत?" विनीतानं विचारलं.

"भांडण तेलुगूत नेलं. त्यांना येत न्हाई."

ओसरीवर व्यंकटेशरावांचं वर्तमानपत्र जरा जोरात उलटलं.

"आता विचार," सुमतीबाई लेकाला म्हणाल्या. "कामून थांबलास? कुठल्या बी भाषेत विचार, पण तूच विचार."

सुधींद्रनं घसा खाकरला. "आई, विनीताला कलबुर्गीला... म्हणजे कलबुर्गीत... तिथं राहून शिकवायचंय." मग, कुणी न सुचवता, त्यानं पुढचंही म्हटलं. "तिनं जावं, असं मला वाटतं."

विनीता सुपातल्या डाळीकडे बघत राहिली. डाळ एकदम धूसर झाली होती.

"'ला' का 'त', ते पुढच्या जन्मी ठरवू," सुमतीबाई म्हणाल्या, आणि आपण पण आठ दिवस सोबत जाणार असल्याचं त्यांनी जाहीर करून टाकलं. क्वार्टर लावून द्यायला कुणी तरी हवंच. इकडं बापलेक एकमेकांची वाक्यं सुधारत जेवतील.

रविवारी बसस्टँडवर सुधींद्र खिडकीखाली उभा होता. बस मागं सरकू लागली तसा तो टाचा उंचावून, घाईघाईत, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा ओरडला. आज तुझ्यासाठी, उद्या माझ्यासाठी. स्पॅनिशमध्ये. दोन्ही वेळा 'पारा'.

विनीताच्या जिभेच्या शेंड्यावर 'पोर्' आलं. तिनं ते गिळलं आणि नुसता हात हलवला.

बस हुमनाबादच्या रस्त्याला लागल्यावर सुमतीबाईंनी पिशवीतून शेंगाची पोळी काढून अर्धी तिच्या हातावर ठेवली.

"चुकला न्हवं का तो?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझं तोंड त्याच्यावानी झालतं."