आखाजीचं उत्तर

हितेंद्रभाऊने मला ग्रुपमधून काढलं तेव्हा मी त्याच्या समोरच बसलेली होती. टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो, मध्ये शेवभाजीची प्लेट. मोबाइल वाजला, बघते तर काय, मी ग्रुपच्या बाहेर.

"तोंडाने सांगता येत नव्हतं का?" मी म्हटलं.

"तोंडाने सांगितलं की तू भांडते."

"मग आता काय करून राहिली मी?"

किरण हसला आणि त्याला ठसका लागला. तो पाइपच्या कंपनीत कामाला आहे, ड्यूटी सुटली की इकडेच येतो. लोटननानांनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास आपटला. जळगावला बसस्टँडच्या मागे नानांची शेवभाजीची गाडी आहे, आणि तापी योद्धे टीमचे आम्ही जेवढे फॅन आहोत त्यांचं ऑफिस म्हणजे तीच गाडी. टीम कबड्डीची. अर्धे प्लेअर जळगावचे, अर्धे धुळ्याचे, कॅम्प धुळ्याला एका होस्टेलमध्ये. हितेंद्रभाऊ आमच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन, टीमचं फॅनपेजही तोच चालवतो.

वाद कोकिळाअक्कावरून चालला होता. कोकिळाअक्का टीमचा स्वयंपाक करायची. आता नाही करत, कारण तिला काढलं. का काढलं ते अख्ख्या खान्देशाने मोबाइलवर पाहिलं होतं.

झालं असं, की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी होस्टेलच्या मागच्या निंबाला झोका बांधला होता. माहेरी जायला मिळालं नाही म्हणून अक्का आणि तिच्या हाताखालच्या दोन बायका तिथेच झोका खेळल्या. प्लेअर बाजूला आमरस ओरपत होते. अक्काने झोक्यावरून गाणं म्हटलं, कोचवर. कोच मगदूम सर सांगलीकडचे, यंदाच आलेत. गाणं असं:

सांगलीना जवाई उना, शिट्टी वाजाडस वं माय
जितनारा पोऱ्याले बाकवर बसाडस वं माय
गल्लीना कुत्रा बी याले इचारीसन भुकस वं माय

म्हणजे सांगलीचा जावई आला, शिट्ट्या वाजवतो, जिंकून देणाऱ्या पोराला बाकावर बसवतो, गल्लीतलं कुत्रंसुद्धा याला विचारून भुंकतं. जिंकून देणारा पोरगा म्हणजे जितेंद्र. आमचा सगळ्यात भारी रेडर, आणि सरांनी त्याला सीझन सुरू झाल्यापासून बाकावर बसवलेला.

टीममधल्या तेजसने ते शूट केलं, हितेंद्रभाऊने पेजवर टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सर मॅनेजरला म्हणाले, एक तर ती राहील नाहीतर मी.

"बरोबर केलं त्यांनी," लोटननाना कढईत पळी फिरवत बोलले. ते जुने कबड्डीवाले. "कोच म्हणजे गुरू. आमचे वस्ताद कानफटात द्यायचे, तरी आम्ही पाया पडायचो."

"म्हणून तर तुमचं बोट वाकडं राहिलं नाना."

"ते पकड करताना मोडलं."

"आणि वस्तादांनी दवाखान्यात नेलं का?"

पळी जोरात फिरायला लागली.

"मजाक होती भो," किरण म्हणाला. "आखाजी होती. आखाजीला कोण कोणाचा राग धरतो?"

"मजाक होती तर जितेंद्रचं नाव कशाला?" हितेंद्रभाऊने विचारलं.

"नाव कुठे घेतलं? आणि ते तर खरंच आहे."

"बघ. खरं आहे तर मजाक नाही. मजाक असेल तर खरं नाही. एक काहीतरी बोल."

किरणने थोडा विचार केला आणि पोळी मोडली. त्याचं असंच असतं, जिकडे बोलणं वळेल तिकडे तो वळतो.

"शिस्त नावाची एक गोष्ट असते," हितेंद्रभाऊ सगळ्यांकडे बघून म्हणाला. "आज स्वयंपाकीण बोलली, उद्या ड्रायव्हर बोलेल."

"आणि व्हिडिओ कोणी टाकला? हसून हसून रडणारी तोंडं लावून?"

"तो कंटेंट आहे."

"ती घरी बसली आणि तुझे फॉलोअर वाढले. शिस्त फक्त तिलाच का?"

"तुला शिस्तीचं काय कळतं मोनाली? तू शाळेत बाईंना उलटं बोलून बाहेर पडलेली."

माझ्या हातात पाण्याचा जग होता. मी तो ओतला असता, पण नानांनी आधीच जगावर हात ठेवला. ते मला ओळखतात.

"तिला परत आणून दाखवते," मी म्हटलं. "मग तू मला स्वतःच्या हाताने ग्रुपमध्ये घेशील."

"सरांनी माफ केलं तर घेईन."

"माफी मागून कोण आणतंय?" असं म्हणून मी उठली. पुढे काय करायचं ते तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

घरी जाता जाता मी तेजसला फोन लावला. तो आमच्याच गल्लीतला. म्हटलं, पूर्ण व्हिडिओ पाठव, पेजवरचा कापलेला आहे. तो कुरकुरला, पण पाठवला. पेजवरचा व्हिडिओ गाण्याच्या शेवटच्या शब्दाला तुटतो. तेजसच्यात पुढे आणखी थोडं होतं. गाणं संपल्यावर अक्का पाय टेकवून झोका थांबवते. बायकांचं हसू थांबतं. पोरं आमरसाच्या वाट्या खाली ठेवतात. सगळे एकाच बाजूला बघतात. तिकडे कोपऱ्यात सरांचे पांढरे बूट दिसतात. बूट थोडा वेळ तसेच राहतात, मग वळतात आणि निघून जातात.

मी ते परत परत पाहिलं आणि मला आईचं माहेर आठवलं. तिथे आखाजीला नदीच्या अल्याड एका गावच्या बायका, पल्याड दुसऱ्या गावच्या. पाणी नसतंच, नुसती वाळू. अल्याडच्या एक गाणं फेकतात, सासूपासून म्हशीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतात आणि गप्प होतात. एकदम गप्प. का, तर आता पल्याडच्यांची पाळी. उत्तर येईपर्यंत कोणी हलत नाही. उत्तर जेवढं झोंबरं, तेवढ्या अल्याडच्या खूश. मागून दोन्हीकडच्या बायका मधल्या वाळूत येऊन एकमेकींना सांजोऱ्या खाऊ घालतात.

सरांकडे सगळे उत्तरासाठी बघत होते. आणि सर निघून गेले.

सकाळी मी, जिथे कामाला आहे त्या मोबाइल कव्हरच्या दुकानात, डोकं दुखतं म्हणून निरोप दिला आणि धुळ्याची बस धरली. पारोळ्यापर्यंत उभीच होती.

अक्का धुळ्यात देवपूरला राहते. गच्चीवर उडदाचे पापड वाळत घालत होती. तिने मला कॅम्पवर एकदोनदा पाहिलं होतं, तरी आधी हातात पापडांचं सूप दिलं आणि मग विचारलं, "कोन वं तू?"

मी सांगितलं. आणि सरळ विचारलं, "अक्का, तू मजाक केली का खरं बोलली?"

"आखाजीले खोटं कोन बोलस?"

"मग माफी मागून टाक ना. सगळं मिटेल."

"काबर मांगू?" तिने पापड पलटला. "जवाई म्हनं मी त्याले. परका माणूसले कोनी जवाई म्हनस का? शिव्या त्यालेच देतस, ज्याले घरना समजतस. मी झोका थांबाडा, वाट दखी. तो पाठ फिरीसन चालना गया." तिने माझ्या हातातलं सूप काढून घेतलं. "माले बी वाईट वाटनं, पोरी. वाटनं, याले आम्ही घरना वाटतच नही."

"तुला परत जायचंय का?"

"आते त्या पोऱ्यासले कोन्ही तरी डबा देस. भाजीमा साखर टाकतस म्हने." तिने पदराने तोंड पुसलं. "जितेंद्रना फोन उना व्हता. म्हने, अक्का, पोट भरत नही. मन्हं काम शे ते. दुसरं काय करू मी? पापड?"

मला तेवढं पुरे होतं.

कॅम्पच्या मैदानावर वॉचमनने अडवलं. मी म्हटलं, मगदूम सरांची भाची. तो बाजूला झाला. सर लाइनीच्या बाहेर उभे होते, उंच, पोट सुटलेलं, गळ्यात शिट्टी. प्रॅक्टिस चालू होती. जितेंद्र बाकावर बसून नखं खात होता.

"सर, तुम्ही हरले," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली. "मॅच रविवारी हाय."

"ती नाही. आखाजीची."

त्यांचा चेहरा लाल झाला. "कोण गं तू? कुणी पाठवली तुला, त्या बाईनं?"

"मला कोणी पाठवत नाही. गाणं संपलं तेव्हा सगळे गप्प का झाले, माहीत आहे तुम्हाला?"

"गप्प झाले?" ते एकदम मोठ्याने बोलले, मग पोरांकडे बघून आवाज उतरवला. "पोरी, मी तिथं उभा होतो. माझीच पोरं, ज्यांना मी पहाटं उठवतो. गाणं संपलं आणि सगळी माझ्या तोंडाकडं बघत्यात. माझी लाज कशी निघाली ते बघत्यात. माणसानं काय समजायचं?"

"उत्तराची वाट बघत होते. आमच्याकडे असंच असतं. एकाने म्हणायचं, गप्प बसायचं, दुसऱ्याने उलट म्हणायचं. तुमची पाळी होती आणि तुम्ही निघून गेले."

सरांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. मग म्हणाले, "आणि ते बाकावरचं? तेबी खेळच होता?"

खोटं बोलता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"नाही. ते तिने मनापासून म्हटलं."

"मग?"

"मग त्याचंही उत्तर द्या ना. काढून टाकणं काय उत्तर असतं का? ते तर पळून जाणं झालं."

"निघ इथनं."

"नाही निघत."

"वॉचमन!"

मी जाऊन जितेंद्रच्या बाजूला बाकावर बसली. म्हटलं, "इथे तर तुम्ही कोणालाही बसवता, मला पण बसवा." जितेंद्रने तोंड दुसरीकडे केलं, पण त्याचे खांदे हलत होते. वॉचमन आला, सरांकडे बघितलं. सरांनी त्याला काहीच सांगितलं नाही आणि शिट्टी वाजवली.

मी बसून राहिली. ऊन उतरलं, पोरं मातीने भरली, पाण्याचा टँकर येऊन गेला. सरांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, पण त्यांच्या दोन शिट्ट्या चुकल्या. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. प्रॅक्टिस सुटल्यावर ते बाकाजवळ आले, बाटलीतून पाणी प्याले आणि उभ्या उभ्याच विचारलं,

"शेवटाला वं माय म्हणायलाच लागतं का?"

रविवारी नाना, किरण, हितेंद्रभाऊ, सगळे गाडी करून धुळ्याला आले. मी आदल्या दिवशीच आली होती, कारण अक्काला आणायचं काम सोपं नव्हतं. ती म्हणे, तिकीट काढून त्याना तोंड दखाले मी काय येडी शे का? मी म्हटलं, अक्का, तू गाणं फेकलंय, उत्तर ऐकायला तुलाच यावं लागेल, हा नियम तुझाच. मग तिने ठेवणीतलं लुगडं काढलं.

मॅच सुरू व्हायच्या आधी सर आमच्या स्टँडसमोर आले. माइक नाही, काही नाही. हितेंद्रभाऊने मोबाइल वर केला. मी त्याचं मनगट धरलं.

"पूर्ण घे. गप्प बसतात ते पण. कापायचं नाही."

"बरं बाई."

सरांनी घसा साफ केला. तोंडावर भर दुपारचं ऊन. मग म्हणाले, गाणं कसलं, कवायतीचा हुकूमच:

"धुळ्याची ही सासू, मिरचीत भाजी घालती वं माय. तिखटानं पोरं रडत्यात, म्हणती प्रेम हाय वं माय. बाकावरचं मी बघतो, चुलीवरचं तू बघ वं माय."

आणि थांबले. हात मागे बांधले. आणि आमच्या कोकिळाअक्काकडे बघत राहिले.

स्टँड गप्प. पापडवाला पोरगा पायरीवर एक पाय ठेवून थांबलेला. नानांचं वाकडं बोट कठड्यावर. मला अक्काचा श्वास ऐकू येत होता. तिने मुद्दाम वेळ घेतला, पदर नीट केला, चष्मा नीट केला. सरांच्या कपाळावरून घाम ओघळला, पण यावेळी पांढरे बूट हलले नाहीत.

"चूल पेटाडसू," अक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "पन जवाईना गळा गधडाना शे वं माय."

सगळ्यात आधी सर हसले. मग स्टँड. ढोल कोणी सुरू केला माहीत नाही. सर जाता जाता वळून अक्काला म्हणाले, "उद्या सकाळी सहाला." ती म्हणाली, "माले टाइम शिकाडू नका, पीठ कोन मयस ते सांगा." पीठ मळणारं माणूसही तिला आत्ताच ठरवून हवं होतं.

जितेंद्रला त्यांनी खेळवलं नाही. अख्खी मॅच तो बाकावर आणि आपण दोन पॉइंटांनी हरलो. सर त्यांच्या शब्दाचे पक्के, तेवढं कळलं.

परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत वाद चालला. नाना म्हणाले, गाणं अक्का जिंकली, कारण शेवटचा शब्द तिचा. हितेंद्रभाऊ म्हणाला, सर जिंकले, कारण बाहेरचे असून बोलले. किरण दोन्ही वेळा हो म्हणाला. मध्येच माझा मोबाइल वाजला. हितेंद्रभाऊने मला ग्रुपमध्ये घेतलं होतं, माझ्या बाजूला बसून.

"आता तरी शांत राहशील ना?" तो म्हणाला.

मी ग्रुप उघडला आणि पहिला मेसेज टाकला: जितेंद्रला बाकावर का बसवलं, याचं उत्तर सरांनी अजून दिलेलं नाही. मंगळवारी मी धुळ्याला चालली. कोण येतंय?