सातव्या आकड्यापुढचा आत्मा

"आला! प्राण आला!" पहिल्या रांगेतल्या बाई ओरडल्या, आणि कात्रजच्या मंगल कार्यालयातल्या तीनशे माणसांनी एकदम हात जोडले. कुणाला? एका लॅपटॉपला!

लॅपटॉपमागे ध्वनियोगी श्यामसुंदर. पांढरा झब्बा, गळ्यात हेडफोन. पूर्वी म्हणे मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. साक्षात्कार झाला म्हणून कंपनी सोडली, की कंपनीने सोडलं म्हणून साक्षात्कार झाला, हे कुणी विचारलेलं नव्हतं. मागच्या पडद्यावर त्यांचं 'प्राण-६४' दिसत होतं. हे एक प्लगिन, म्हणजे गाण्याच्या आवाजावर प्रक्रिया करणारं छोटं सॉफ्टवेअर. त्याला दोनच बटणं : बत्तीस आणि चौसष्ट.

"बत्तीस बिटांत संगणक जेमतेम सात आकडे धरतो," महाराज डोळे अर्धे मिटून म्हणाले. "पुढचं सगळं छाटतो! आणि भक्तहो, आत्मा कुठे असतो? सातव्या आकड्याच्या पुढे! चौसष्ट बिटांत पंधरा आकडे. तिथे ईश्वरसुद्धा ऐसपैस बसतो."

टाळ्या! मला किळस आली. माझ्यासमोर सुट्टीच्या दिवशीही गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेले तीन इंजिनिअर बसले होते. दिवसभर याच आकड्यांवर पगार घेणारे. तेही माना डोलवत होते.

स्टेजच्या कडेला मिठाच्या पाण्याने भरलेलं तांब्याचं घंगाळ होतं. घरातलं बत्तीस बिटांतलं रेकॉर्डिंग म्हणजे मृत ध्वनी, तो घरात सडतो आणि दुखणी आणतो, असा महाराजांचा शोध. म्हणून लोक ओळीने येत होते आणि पाण्यात टाकत होते. सीडी, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क. कुणाचं लग्न, कुणाच्या बाळाचे पहिले बोल. डुब्. डुब्.

मी आले होते ललिता आत्याबरोबर, तिची पिशवी धरायला. आत्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क. दोन वर्षं तिचं डोकं दुखतंय. आमच्या घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे, आणि दर रविवारी तिच्यावरची धूळ आत्याच पुसते. आज रविवार होता. धूळ तशीच राहिली होती.

"अक्षता, पिशवी दे," ती म्हणाली. पिशवीत डबा असेल असं मला वाटलं होतं. निघाली हार्ड डिस्क.

"आत्या! यात आजोबा आहेत!"

"हळू बोल."

माझे आजोबा भीमराव मार्केट यार्डात हमाल होते. दिवसभर पाठीवर पोती आणि संध्याकाळी वस्तीत भीमगीतं. त्यांची एकच कॅसेट होती. बाबांचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, त्यांनी ती संगणकावर आणि या डिस्कवर उतरवून घेतली. पुढे कॅसेट टेपमध्ये गुंतून तुटली आणि बाबांचा संगणकही बिघडला. आता आजोबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता : आत्याच्या मुठीत.

ती ओळीतून स्टेजवर गेली. महाराजांनी बुडवण्याआधी डिस्क लॅपटॉपला जोडली आणि बत्तीसचं बटण दाबलं. आजोबा गाऊ लागले.

"ऐका. मुडदा गातोय," महाराज म्हणाले.

माझ्या आजोबांना मुडदा! मग त्यांनी चौसष्ट दाबलं, आणि खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. आवाज भरदार झाला, जवळ आला. आत्या रडायला लागली.

"तुमचे बाबा तळमळतायत, ताई," महाराज तिला म्हणाले. " बुडवा. मुक्त करा त्यांना."

पण मी उभी होते मागे, आवाज कमी-जास्त करणाऱ्या मिक्सरपाशी, आणि मिक्सरवर आवाजाचे हिरवे दिवे असतात : आवाज जितका मोठा, तितके जास्त. बत्तीसला तीन लागले होते. चौसष्टला चौथा लागला.

"काका, हे दरवेळी होतं?" मी मिक्सरवाल्या सोनबाकाकांना विचारलं. ते मांजरी गावचे, साउंडचं काम त्यांचं.

"व्हय की. त्या बटनावर आवाज जरासा चढतोय. म्या म्हनलं, द्येव वजनदार आसंल."

शाळेत सहामाहीपर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करत नव्हते. पण आता काकांच्या कानात काय करायचं ते सांगितलं आणि थेट स्टेजवर गेले.

"महाराज, तुम्हाला तर न बघताही ओळखू येईल ना?"

"बाळ, मला झोपेतही येईल."

"मग पडदा बंद करू. आपण पाठ करून उभे राहा. बटण आत्या दाबेल."

तीनशे भक्तांसमोर नाही कसं म्हणणार? ते वळले. मी आत्याला हळूच सांगितलं : बत्तीस दाबलंस की काकांना एक बोट दाखव, चौसष्टला दोन. आत्याने बत्तीस दाबून, ठरल्याप्रमाणे, सोनबाकाकांना एक बोट दाखवलं. काकांनी चौथा दिवा लागेपर्यंत आवाज चढवला.

"चौसष्ट!" महाराजांनी पाठमोरेच हात जोडले. "हाच तो प्राण!"

आत्या स्क्रीनकडे बघत राहिली. "बत्तीस आहे हो," ती म्हणाली.

मग तिने चौसष्ट दाबून दोन बोटं दाखवली. काकांनी आवाज तीन दिव्यांवर उतरवला.

"बत्तीस. मुडदा."

"चौसष्ट," आत्या म्हणाली. या वेळी हेडक्लार्कच्या आवाजात.

"संशयी माणसं असली की ध्वनी दूषित होतो!"

"ध्वनी न्हाई, म्या केला," सोनबाकाका मागून ओरडले. "ह्या बोटानं!"

सभा हसली. मग मी सांगितलं. आवाज थोडासाच वाढवला तर तो मोठा झाला असं कळत नाही, 'चांगला' झाला असं वाटतं. एवढाच तो प्राण. आत्माबित्मा काही नाही.

एका इंजिनिअरने विचारलं, "पण डबल प्रिसिजन, हे चौसष्ट बिटांचं गणित, खरंच असतं ना?"

"असतं की! बाबांनी मला समजावलंय. कच्च्या आकडेमोडीत आपण दोन आकडे जास्त धरतो आणि उत्तराला सोडून देतो, तसं. एकापाठोपाठ हजारो गुणाकार असले की चुका साठू नयेत म्हणून प्लगिन बनवणारे ते आतल्या आत वापरतात. पण सातव्या आकड्यापुढचा फरक म्हणजे कोटीतला एक भाग. कॅसेटची खरखर त्याच्या हजारो पट मोठी आहे. दादा, हे तुम्ही मला सांगायचं होतं."

महाराज हार्ड डिस्क मागे ठेवून आणि लॅपटॉप घेऊन निघाले. काही जण त्यांच्या पाया पडायला धावलेच! बाकीचे कोपरापर्यंत मिठाच्या पाण्यात हात घालून आपापलं शोधत होते. सीडी धुऊन वाचतील. हार्ड डिस्कचं सांगता येत नाही. बाळाचे बोल बुडवलेली ती बाई घंगाळापाशीच बसून राहिली. तिच्याकडे माझ्याने बघवलं नाही.

सोनबाकाकांनी त्यांच्या जुन्या संगणकाला आमची डिस्क जोडली. प्राण नाही, प्लगिन नाही. गाणं संपलं, आजोबा खोकले आणि म्हणाले, "ललिते, टेप बंद कर गं. चहा टाक."

आत्याने डिस्क पदरात गुंडाळली. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. चष्म्याचा नंबर दोनने वाढला होता. डोकेदुखी ती होती.

तेव्हा कुणी चमत्कार ऐकवायला लागला तर रडण्याआधी दोन गोष्टी विचारा : दोन्हीकडे आवाज सारखा ठेवलाय का? आणि न बघता ओळखता येईल का? उत्तर टाळलं, तर उठा आणि घरी या. येताना आपली माणसं पाण्यात टाकून येऊ नका.